मुश्ताकचं कोपर

“तिनं विचारलान तर झाडावरना पडलो म्हणून सांग. लहानपणी. जास्त बोलू नको.”

पडद्यापलीकडे कोणीतरी दबक्या आवाजात शिकवत होतं. कुवेतच्या अर्दिया भागातल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये दोन खाटांच्या मध्ये भिंत नाही, पडदा आहे, आणि येणारी माणसं पडद्यालाच भिंत समजतात. मी शेजारच्या खाटेवरची चादर बदलत होते. चादर पुरी केली, हात धुतले आणि पडदा सारून आत गेले.

खाटेवर तिशी ओलांडलेला एक उंच, सडपातळ माणूस बसला होता. त्याच्याजवळ उभे होते ते पोट सुटलेले, अत्तर लावलेले, हातात दोन मोबाइल असलेले गृहस्थ.

“क्या हुआ था हाथ को?” मी हिंदीत विचारलं. इथे कुणाशीही पहिलं वाक्य मी हिंदीतच बोलते. छातीवरच्या पट्टीवर माझं फक्त पहिलं नाव इंग्रजीत असतं, त्यावरून मी कुठली ते कळत नाही. मला ते सोयीचं वाटतं.

“पेड से गिरा था, मॅडम,” उंच माणूस म्हणाला. “बचपन में.”

“बचपन में,” दुसऱ्यांनी दुजोरा दिला.

मी मान हलवली आणि लिहून घेतलं.

मुश्ताकची ही पहिली भेट. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिही, असा आग्रह झाला तेव्हा मला तोच आठवला. आठवणी लिहाव्यात एवढी माझी नोकरी जुनी नाही. मी इथेच वाढले, शाळा इंग्रजी, मराठी फक्त घरात. फिजिओथेरपी शिकायला तेवढी पुण्याला गेले आणि परत आले. मला बोलायला फारसं जमत नाही, पण या कामात हातानं बरंच भागतं. नावं बदलली आहेत. मुश्ताकला मात्र फोन करून विचारलं. तो म्हणाला, “लिवा की मॅडम. पन माझी बॉलिंग चांगली लिवा.”

तर आधी कामाबद्दल. फिजिओ म्हणजे मालीश करणारी, असा एक समज आहे. मालीश आम्ही फार थोडं करतो. अडलेला सांधा मोकळा करणं, कमजोर पडलेल्या स्नायूला पुन्हा कामाला लावणं आणि तोवर माणसाला धीर धरायला लावणं, हे आमचं काम. पण त्याआधी दुखणं खरं किती आणि सांगितलेलं किती हे शोधावं लागतं, आणि माझा निम्मा दिवस त्यात जातो. ज्यांना रजा हवी असते त्यांचं दुखणं सांगताना वाढतं. ज्यांना काम सोडणं परवडत नाही त्यांचं सांगताना नाहीसं होतं. माझ्याकडे एक डिलिव्हरीवाला मुलगा कमरेत वाकून, भिंत धरून यायचा. मी खिडकीतून पाहिलं, तर बाहेर पडल्यावर तो मोटरसायकलवर टांग टाकून ताठ बसून निघून गेला. याउलट एक कुवेती आजीबाई गुडघ्याचे व्यायाम शिकायला आपल्या घरकामाच्या बाईला घेऊन यायच्या आणि खुर्चीत बसून तिच्याकडूनच करवून घ्यायच्या. आपला गुडघा बरा का होत नाही, म्हणून तक्रार माझ्याकडे. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या घरात सगळी कामं तशीच होत असत.

कंपन्यांकडून पेशंट आला की मागोमाग एक प्रश्न येतो: दुखणं जुनं की कामावरचं? कामावर झालं असेल तर उपचार कंपनीने करायचे. जुनं असेल तर ज्याचं त्यानं बघायचं, आणि पुष्कळदा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करून त्यालाच परत पाठवायचं. त्यामुळे “कधीपासून दुखतंय?” या साध्या प्रश्नावर समोरचा माणूस आधी माझा चेहरा वाचतो आणि मग उत्तर देतो. अशी उत्तरं ऐकून ऐकून मलाही सवय लागली आहे. मी शब्द ऐकते, पण बघते हाताकडे.

मुश्ताकचा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नव्हता. अत्तरवाले गृहस्थ म्हणजे नझीरभाई. अर्दियातल्याच एका मोठ्या गोदाम कंपनीत ते माणसं बघायचे, आणि कंपनीची क्रिकेट टीमही. टेनिस बॉलचं क्रिकेट. मोकळ्या वाळूवर मॅट अंथरून दर शुक्रवारी सकाळी हे सामने चालतात, आणि त्यासाठी थेट रत्नागिरी-रायगडातून खेळाडू आणले जातात. कागदावर ते स्टोअरकीपर किंवा हेल्पर असतात. मुश्ताक कागदावर स्टोअरकीपर होता.

“बोलर आहे आपला,” नझीरभाई हिंदीत म्हणाले. “समोरच्या टीमने कंप्लेंट टाकली आहे, फेकतो म्हणून. हात वाकवून टाकतो म्हणून. आता जन्माचाच वाकडा हात तो काय करणार? तुम्ही फक्त तसं लिहून द्या.”

“जन्माचा की झाडावरून पडल्याचा?” मी विचारलं, आणि मग लक्षात आलं की मी मराठीत विचारलं होतं.

नझीरभाईंनी एक मोबाइल खिशात टाकला.

“म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच,” ते म्हणाले. “आधी बोलायचंत ना ताई. कुठल्या तुम्ही?”

“वडील सातारचे.”

“मग झालं. घरचंच काम.” पण त्यांचे डोळे काही घरच्यासारखे दिसत नव्हते. पडद्यापलीकडे मी किती वेळ होते याचा हिशेब ते करत असावेत.

लिहून देणं माझ्या हातात नाही, डॉक्टर बघतील, आणि डॉक्टर रजेवर आहेत, असं मी सांगितलं. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तोवर आठवड्यातून काही दिवस मुश्ताकने उपचाराला यावं असं ठरलं.

कोपर तपासताना हात हळूहळू सरळ करत न्यायचा असतो, जिथे अडेल तिथे थांबायचं आणि ते अडणं कसलं आहे ते बोटांना कळू द्यायचं. स्नायू आखडला असेल तर रबर ताणल्यासारखं लागतं. माणूस मुद्दाम अडवत असेल तर बोटांना बारीक थरथर कळते, तो आपल्याशी झगडत असतो. हाडावर हाड लागलं की दरवाजा चौकटीला टेकल्यासारखं एकदम टणक लागतं. त्याचं सोंग करता येत नाही. मुश्ताकचं कोपर टणक अडत होतं.

म्हणजे तो खरं बोलत होता, असं मला वाटलं असतं. पण पुढच्या वेळी तेच कोपर पहिल्यापेक्षा जास्त सरळ झालं. त्याच्या पुढच्या वेळी फारच कमी. कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी लावून मी पुन्हा पुन्हा पाहिलं. लहानपणी वाकडं जुळलेलं हाड असं मूड बघून वागत नाही. मला वाटलं, हा माणूस फारच तयारीचा आहे. मला सापडू न देता सोंग करण्याची काही युक्ती याच्याकडे आहे.

मग मी त्याला बोलतं केलं. म्हणजे प्रश्न विचारून गप्प बसले. गप्प बसलं की माणसं बोलतात.

तो दाभोळच्या खाडीकाठचा. गावच्या स्पर्धा, मग मुंबईत एका टीमकडून, मग मस्कत, शारजा, बहारीन, दोहा, आणि आता इथे. सगळीकडे हातानं नेलं. शहरं त्याने फारशी पाहिली नव्हती, मॅट मात्र पक्की लक्षात होती. “मस्कतची मॅट घट्ट, बॉल उसळतो. बहारीनला वारा, टाकलेला बॉल कीपरच्या डोक्यावरना जातो. दोहाला आमची टीम शेठनं मधेच बंद केलान, त्याचा पोरगा फुटबॉलवाला निघाला.” हे सगळं तो दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट असल्यासारखं सांगायचा. “लाल बॉल आपल्या वजनानं जातो, मॅडम. टेनिस बॉल जात नाय. त्याला न्यावा लागतो. सगळा जोर इथना.” आणि त्याने कोपराच्या मागच्या बाजूला बोट लावलं. खांद्याला नाही.

मी ते बोट पाहून ठेवलं.

त्याच आठवड्यात आमच्या रिग्गईच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सावंत भेटला. तो वरच्या मजल्यावर राहतो, एका ट्रॅव्हल कंपनीत आहे, आणि तक्रार करणाऱ्या टीमचा कॅप्टन तोच. एरवी मला नुसतं “हाय” म्हणणारा सावंत त्या दिवशी माझ्या मजल्यावर माझ्याबरोबर उतरला.

“मुश्ताक येतो ना तुमच्याकडे?”

“आमच्याकडे बरेच लोक येतात.”

“हात सरळ होतो का त्याचा? नुसतं हो किंवा नाही सांगा.”

“माझी आई वाट बघतेय,” मी म्हणाले.

तो हसला. “तुम्ही कमाल आहात. एवढं तर आमच्या सीआयडीवाल्यालाही गप्प बसता येत नाही.”

असे सीआयडीवाले दुसऱ्या बाजूलाही होते, ते दोन दिवसांनी कळलं. मुश्ताक आला तो शर्टाची बाही न सरकवता बसून राहिला.

“सावंतशी तुमची ओळख हाय?”

“बिल्डिंगमध्ये राहतो.”

“लिफ्टच्या बाहेर बोलत होतात.”

आमच्या मजल्यावर कोणी बघत असेल असं मला वाटलं नव्हतं. चौकीदार, समोरच्या फ्लॅटमधली बॅचलर पोरं, कोणीही असेल. मला एकदम उघडं पडल्यासारखं झालं. मी त्याच्यावर संशय घेत होते, ते माझ्या नोकरीत बसत होतं. तो माझ्यावर घेत होता, तेही त्याच्या नोकरीत बसत होतं. मी म्हटलं, “मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. त्यालाही नाही, नझीरभाईंनाही नाही.”

“नझीरभायला पन नाय?” त्याला हे नवीन वाटलं असावं.

नझीरभाई पैज मारल्यासारखे वरचेवर यायचे. एकदा ते वाट बघताना मला मोबाइलवर मुश्ताकचा जुना व्हिडिओ दाखवू लागले. “बघा ताई, मस्कतचा. हा यॉर्कर बघा. स्टंप कसा उडालाय बघा.” स्टंप खरंच उडाला होता. मी त्यांना तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. ते खूश झाले. चौथ्या वेळी मात्र त्यांना कळलं की मी स्टंपकडे बघत नाहीये. त्यांनी फोन ओढून घेतला.

व्हिडिओत मुश्ताकचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत काठीसारखा सरळ होता.

म्हणजे झाडाची गोष्ट खोटी होती, आणि हे नझीरभाईंनाही ठाऊक होतं. मग हात सोंग करून वाकवलेला म्हणावा, तर बोटांना लागणारं ते टणक अडणं कुठून येत होतं? आणि रोज बदलणारा कोन? मी त्या रात्री पुस्तक उघडलं. जोरात फेकणाऱ्या माणसाचं कोपर दर फेकीला झटक्यानं सरळ होतं आणि मागचं हाड त्याच्या खाचेत आदळतं. वर्षानुवर्षं आदळून तिथे हाडाची वाढ होते, कधी एखादी कपची सुटते आणि सांध्यात फिरत राहते. कपची जिथे असेल त्याप्रमाणे हात कधी जास्त सरळ होतो, कधी कमी. कधी दारात खडा अडकावा तसा सांधाच अडकून बसतो. आमच्या पुस्तकात या दुखण्याशेजारी बेसबॉलच्या पिचरचं चित्र आहे. अशा पिचरांच्या गावोगाव, देशोदेशी फिरणाऱ्या नोकऱ्या असतात म्हणे, आज या टीमकडे, उद्या त्या. चित्रातल्या माणसाने टोपी घातली होती. टोपी काढून दाभोळच्या माणसाचा चेहरा लावला तरी चित्रात काही बदलायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुश्ताकला एवढंच म्हटलं, “एक्स-रे काढू या.”

“नको.”

“मस्कतला हात सरळ होता.”

तो उठून पडद्यापलीकडे कोणी नाही ना, ते बघून आला.

“शारजापासना लागायला लागला,” तो म्हणाला. “दोहाला एकदा अडकला. रूममध्ये रात्रभर तसाच घेऊन बसलो. सकाळी सुटला. दुपारी मॅच खेळलो.”

“मग लोक फेकी म्हणतात ते ऐकून का घेता? दुखतंय म्हणून सांगा.”

“फेकी बोलतात म्हणजे भितात, मॅडम. भितात तवर मी हाय. संपला बोलले की झालं. अकामा कंपनीचा, कंपनी टीम बघते, टीम हात बघते. एक्स-रेत दिसलं तर जुनं दुखणं होतं, लपवून आला, असं बोलतील. नझीरभाय मग सलामाला पन उभा राहायचा नाय.”

ते बोलताना त्याचा आवाज अगदी साधा होता. मला त्याही क्षणी वाटलं, हेसुद्धा ठरवून बोलतोय का? मी सांगणार नाही याची खात्री करून घेतोय का? मग मी त्याचं कोपर हातात घेतलं आणि सरळ करत नेलं. टणक अडलं तिथे आत एक बारीकसा खट आवाज झाला. त्याने डोळे मिटले. आवाज त्यालाही ऐकू आला होता.

“ऑपरेशननं निघतं ते,” मी म्हणाले. “छोट्या भोकातून. मग काही महिने आराम.”

“काही महिने,” तो म्हणाला आणि हसला. “फायनल शुक्रवारी हाय.”

स्पर्धेच्या कमिटीने मधला मार्ग काढला. डॉक्टर रजेवर, कागद नाही, तर फिजिओलाच मैदानावर बोलवा, पंच तिला विचारतील. नझीरभाईंनी हे मला अशा थाटात सांगितलं की जणू मानाचं बोलावणं होतं. आमच्या क्लिनिकच्या मॅनेजरनेही जा म्हणून सांगितलं. त्या कंपनीचे पुष्कळ पेशंट आमच्याकडे येतात, नाराज करून कसं चालेल, असं तो म्हणाला, आणि मला काय सांगायचं आहे ते एकदाही विचारलं नाही. मला मैदानावर जायचं नव्हतं. एवढ्या पुरुषांसमोर बोलायचं तर मुळीच नव्हतं. पण मी गेले नसते तर नझीरभाईंनी माझ्या नावावर हवं ते सांगितलं असतं.

सबाह अल-सालेमच्या पुढच्या मोकळ्या वाळूवर सामना होता. हिवाळ्याची सकाळ, बारीक धूळ, कडेला गाड्या लावलेल्या, एका गाडीच्या डिकीत चहाचे थर्मास आणि समोसे. बाबा मला सोडून गाडीतच बसले. बायका मोजक्याच होत्या, त्याही खेळाडूंच्या घरच्या, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी बर्फाची पेटी आणि दुखणं बधिर करणाऱ्या स्प्रेचा डबा घेऊन मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसले. अंगावर कोट, गळ्यात क्लिनिकची पट्टी. त्यामुळे मला जरा बरं वाटत होतं.

पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मुश्ताक धावत आला तेव्हा मला पहिल्यांदा त्याचं काम दिसलं. त्याने बॉलिंग चांगली लिवा म्हटलंय, म्हणून नव्हे, पण ती खरंच चांगली होती. धावणं अगदी आळसावलेलं, आणि शेवटच्या पावलावर सगळं अंग एकदम ताठ. बॅट्समन बॉलकडे न बघता त्याच्या बाहीकडे बघत होते, आणि तेवढ्यात बॉल पायाशी येऊन पडत होता. सावंत स्वतः असाच बाद झाला. जाताना तो पंचांना म्हणाला, “सर, हात बघा नुसता.”

मीही हातच बघत होते.

पुढच्याच षटकात बॉल सुटला आणि हात परत आला नाही. बाकीच्यांना ते कळलं नसावं. मुश्ताक अर्ध्या मॅटवर थांबला, डाव्या हाताने उजवं कोपर धरलं आणि बाहीचं बटण लावत असल्यासारखा खाली बघत राहिला. बटण लावून व्हायला हवं होतं तेवढा वेळ गेला. तरी त्याने मान वर केली नाही.

“ताई, स्प्रे,” नझीरभाई माझ्याजवळ धावत आले. “पटकन मारा. दोनच ओव्हर राहिल्यात त्याच्या.”

मी मॅटपर्यंत चालत गेले. नझीरभाई मागोमाग. मी कोपराला हात लावला. ते अर्ध्यावर घट्ट अडकलं होतं, ना पुढे ना मागे. मुश्ताकच्या कपाळावर घाम होता, आणि सकाळ थंड होती.

“मॅडम, बोलू नका,” तो ओठ न हलवता म्हणाला. “दोन मिनटात सुटंल.”

“या वेळी सुटणार नाही,” मी तेवढ्याच हळू म्हणाले. मला खात्री नव्हती, पण सुटला तर तो पुन्हा टाकणार, याची खात्री होती.

सावंत हातातली बॅट न ठेवताच आत आला होता. “काय रे मुश्ताक, मशीन बंद पडलं का? दाखव की आता सरळ करून.” त्याच्यामागे आणखी दोघं-तिघं आले, हसत. नझीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता “जन्माचाच आहे” म्हणा, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. त्यांच्या शर्टावर आणि मुश्ताकच्या शर्टावर कंपनीचं एकच चिन्ह छापलेलं होतं.

पंच वयस्कर होते, हैद्राबादचे. ते शांतपणे माझ्यासमोर येऊन उभे राहिले. “मॅडम, बताइए. ये पुराना है क्या?”

तो रोजचाच प्रश्न होता. जन्माचा म्हटलं तर स्प्रे मारून त्याला पुन्हा उभं करतील. जुनं दुखणं म्हटलं तर संध्याकाळपर्यंत त्याचा अकामा कुणाच्या तरी टेबलावर असेल. कपची कधी सुटली हे मला माहीत नव्हतं, एक्स-रेशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं ते एवढंच, जे आत्ता या मॅटवर घडलं. प्रश्न पंचांचा होता, पण मी वळले नझीरभाईंकडे, आणि सावंतलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मराठीत म्हणाले, “हात आत्ता अडकलाय, नझीरभाई. इथे, कंपनीसाठी टाकताना. मी बघत होते. त्यांना दवाखान्यात आता तुम्हीच न्यायचं.”